बंदुकीचं टोपण

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या गावात कुणालाही विचारलंत तरी तो पहिलं हेच सांगेल. जोडीला दुसरी खोड अशी की नवी वस्तू दिसली की आधी तिला नावं ठेवायची. घरात पहिला स्टोव्ह आला तेव्हा मी चार दिवस कुरकुरत होतो. पाचव्या दिवशी त्याच्यावरचा चहा सगळ्यांआधी मलाच हवा होता. तेव्हा ज्या माणसाच्या डोक्याबद्दल मी आज लिहायला बसलो आहे, त्याची तारीफ करायला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडायचा नाही. पण ती मीच करायला हवी. का, ते पुढे कळेल.

तो माणूस आमच्या गावचा लोहार. आमचं गाव दिवेआगर आणि बोर्ली पंचतनच्या मधलं. पुढे समुद्राची पुळण, मग नारळी-सुपारीच्या वाड्या, आणि वाड्यांच्या पाठीशी डोंगर. काळ सन तीसच्या थोडा मागचा, थोडा पुढचा. मुलूख तेव्हा जंजिरा संस्थानाचा होता. मी पंचविशी ओलांडलेला, वडिलांच्या माघारी सुपारीची वाडी बघणारा, आणि गावात परवान्याच्या ज्या दोन बंदुका होत्या त्यांतल्या एकीचा मालक. लोहार माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. त्यांचे वडील माझ्या आईच्या माहेरच्या गावाहून इकडे आले होते, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला भाचेराव. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. पारधीला निघालं की रानात कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. घेतलं तर रान ते धरून ठेवतं म्हणतात. ही गोष्ट रानातलीच आहे, तेव्हा रीत इथेही पाळतो.

मामा कोयते, विळे, पहारी करायचे आणि उत्तम करायचे. पण त्यांचा जीव रमायचा दुसऱ्याच कामात. गावात कुणाला इजा झाली की लोक त्या माणसाला बघायला जायचे. मामा इजा झाली ती जागा बघायला जायचे. आमच्या डोंगरात बिबटे फार, आणि त्यांना कुत्री फार आवडायची. एका पावसाळ्यात गावातली पाच-सहा कुत्री गेली. मामांनी प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, धरलं कुठे? सगळीकडे उत्तर एकच, नरड्याला. मग त्यांनी जुन्या बैलाच्या चामड्याचा रुंद पट्टा केला. त्याच्यातून खिळे असे ठोकले की टोकं बाहेर, आणि खिळ्यांची डोकी कुत्र्याला टोचू नयेत म्हणून आतून मऊ कातडं शिवलेलं. पहिला पट्टा आमच्या पारधीच्या म्होरक्यांच्या काळ्या कुत्र्याला घातला. कुत्रं आहे की निवडुंग, असं मी चारचौघांत म्हणालो. महिन्याभरात एका सकाळी ते कुत्रं मान वाकडी करून, पाठीवर ओरखडे घेऊन, पण स्वतःच्या पायांनी घरी आलं. पट्ट्याच्या दोन खिळ्यांना पिवळे केस चिकटले होते. त्या दिवशी त्याला जेवढा पाहुणचार झाला तेवढा जावयाचा होत नाही. आठवडाभरात भट्टीपुढे कुत्र्यांची रांग लागली आणि त्या रांगेत माझीही कुत्री होती.

भाल्याचंही तसंच. रानडुक्कर भाला लागल्यावर मागे हटत नाही, उलट भाल्यावरून चढत माणसापर्यंत येतं. खालच्या आळीतल्या एकाची मांडी अशीच फाटली. मामांनी पात्याच्या खाली वीतभर लोखंडाचा आडवा दांडा घातला. बस, एवढंच. डुक्कर त्या दांड्याला येऊन अडतं आणि माणूस मांडीसकट घरी येतो. ही एवढी साधी गोष्ट आमच्या वाडवडिलांना कशी सुचली नाही, याचा मला रागच आला.

माझ्या वाडीत डुकरं येऊन अळू आणि सुरण उकरायची. तिथे डोंगराच्या झऱ्याचं पाणी पाटातून सतत वाहायचं. मामांनी पाटाच्या धारेखाली एक बांबू मधोमध आडव्या खिळ्यावर टांगला. पुढचं टोक पोकळ. ते पाण्याने भरलं की खाली जायचं, रिकामं झालं की वर यायचं, आणि मागचं टोक घासलेटच्या उपड्या डब्यावर दणकन आपटायचं. दिवसरात्र तो डबा वाजत राही. पहिले आठ दिवस मी मामांना वाटेल ते बोललो. डुकरांच्या आधी मीच वाडी सोडून जाईन म्हणालो. नवव्या दिवशी बांबूत पाला अडकून डबा थांबला, तर मला आणि बायकोला झोप येईना. मीच उठून पाला काढला. हे मामांना कळू नये अशी मी खबरदारी घेतली, पण बायकोने दुसऱ्या दिवशी विहिरीवर सांगितलंच.

आता बंदुकीकडे येतो. माझी बंदूक ठासणीची. नळीत दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, मागे छोट्या नळीवर तांब्याची केप बसवायची, चाप ओढला की घोडा केपेवर पडतो आणि बार होतो. मी ती भरलेली खांद्यावर टाकून हिंडायचो, म्हणजे लोकांना दिसावी. एकदा डोंगरावरून उतरताना करवंदीच्या जाळीत घोडा अडकला. मी रागाने हिसका दिला. फांदीने घोडा मागे ओढला आणि सोडला. बार माझ्या पायाशेजारी जमिनीत गेला आणि धोतराचा सोगा जळाला. मी बंदुकीला शिव्या घातल्या, करवंदीला घातल्या, ती जाळी तिथे वाढू देणाऱ्या सरकारलाही घातल्या. गावात बोभाटा झाल्यावर मामा माझ्याबरोबर तिथे आले, ते माझ्याकडे न बघता थेट करवंदीकडे गेले. फांदी वाकवून सोडली, परत वाकवून सोडली, आणि निघून गेले.

तीन दिवसांनी त्यांनी माझ्या बंदुकीला टोपण बसवलं. अंगठ्याच्या पेराएवढी जाड चामड्याची टोपी, वर तांब्याचा पत्रा. आत कड अशी बेताची, की घोडा पडला तरी सगळा भार कडेवर यावा, केपेला धक्का लागू नये. हरवू नये म्हणून ती दोरीने चापाच्या कडीला बांधलेली. बार काढायचा तर आधी घोडा चढवून टोपण काढायचं, मगच चाप ओढायचा. मामा माझ्यापुढे बसून, चढव, काढ, परत बसव, असं दहा वेळा करून घेत होते. मला तर घाम फुटला. मी हळूच पुटपुटलो की हे टोपण निघेपर्यंत डुक्कर श्रीवर्धनला पोचून मुंबईच्या बोटीत बसेल. मामा माझ्या तोंडाकडेच बघत होते, आणि त्यांनी शांतपणे अकराव्यांदा करायला लावलं.

त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली, आणि ती न कळती तर बरं झालं असतं. एका दुपारी मी भट्टीत त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांना हाक मारली. भाता थांबलेला होता, हातोडाही थांबलेला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी मोठ्याने हाक मारली. मग ओरडलो. मामी चुलीपासून धावत आल्या आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. तेव्हा मामा वळले. माझा चेहरा बघून सगळं समजले.

"मना आता ऐकू येत न्हाय, भाचेराव," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. तोंड बघून कळतं मना. गावात बोलू नको. वाटा जाईल माझा."

हा वाटा म्हणजे काय, ते सांगायला हवं. भातं झोडून झाली की शिमग्याच्या आधी आमच्या गावाची पारध निघायची. घरटी एक पुरुष. मिळालेलं डुक्कर गावदेवीच्या माळावर कापून जेवढी घरं तेवढे वाटे सागाच्या पानांवर मांडायचे. बोट-बोट मांस यायचं एकेका घराला, त्याने कुणाचं पोट भरत नव्हतं. पण ज्या घराचा माणूस पारधीला नाही त्याला पान नाही, आणि ज्याला पान नाही ते घर गावाच्या कामात मोजायचं नाही. पालखीला खांदा नाही, बैठकीत शब्द नाही. मामांचे वडील परगावचे. ते इथे आल्यावर सात वर्षांनी गावाने त्यांच्या पुढ्यात पहिलं पान मांडलं, त्या दिवशी ते गावचे झाले. मामांना दोन मुली, दोघी सासरी. त्यांच्या जागी पारधीला जाईल असा घरात दुसरा पुरुष नव्हता. त्यांना वगळलं की ते घर परत परगावचं.

आणि बहिऱ्या माणसाला गाव वगळणारच होतं, कारण आमची पारध सगळी कानावर चालायची. हाकारे डोंगरमाथ्यावरून डबे बडवत ओळीने खाली उतरायचे. आम्ही बंदूकवाले खालच्या वाटांवर दबा धरून. निम्म्यात आले की म्होरके एका उंच कातळावरून लांब कुकारा द्यायचे. कुकारा झाला की जो हाकारा जिथे असेल तिथे खांबासारखा उभा. डबा बंद, पाय बंद. आवाज थांबला की दडलेल्या डुकराला वाटायचं, माणसं गेली. ते हळूच निघायचं. त्या शांततेत जे हलेल ते जनावर, अशी आमची पिढ्यान्पिढ्यांची खात्री. दुसरा कुकारा होईपर्यंत माणूस हलणारच नाही, हे धरूनच बार काढायचा.

दोन वर्षं मामा शेजारच्या हाकाऱ्याकडे बघून चालायचे. तो थांबला की हे थांबायचे. त्यांना वाटायचं, जमतंय. मलाही वाटलं, जमतंय. मी गप्प बसलो. मामांची दया आली म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे गावापुढे उभं राहून बोलायची माझी छाती नव्हती. तापट माणसं शूर असतात असा लोकांचा समज आहे. तो खोटा आहे.

त्या वर्षीची पारध माघातली. मी एका ओहोळाच्या तोंडाशी पालथा पडलो होतो. समोर पुरुषभर वाळलेलं गवत, त्याच्या वर कारवीची दाटी. डबे खाली खाली येत होते. मग कुकारा झाला आणि सगळं रान एकदम गप्प झालं. आणि तीसेक पावलांवर गवत हललं. खालून, बुडाशी, जनावर वाकून चालतं तसं. थांबलं. परत हललं. माझ्याकडेच येत होतं. मी घोडा चढवला, नेम धरला आणि चाप ओढला.

फट्, असा बारीक आवाज झाला. बार नाही.

गवत दुभंगलं आणि मामा उभे राहिले. जाळीखालून वाकून यायला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यांनी डबा पाठीला अडकवला होता. शेजारचा हाकारा एका मोठ्या कातळाआड गेल्यामुळे तो थांबलेला त्यांना दिसलाच नव्हता. मला बघून ते हसले. हात वर केला. मग मी एवढा निपचित का पडलोय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते आहेत तिथेच ताठ उभे राहिले, हात तसाच वर. माझ्या बंदुकीचं तोंड त्यांच्या छातीकडे होतं. घोडा टोपणावर पडला होता. घाईत मी टोपण काढायला विसरलो होतो.

दुसरा कुकारा झाला आणि हाकारे हलले. मामांनीच येऊन हात दिला.

डुक्कर त्या दिवशी दुसऱ्या बंदुकीने पाडलं. माळावर पानं मांडली गेली, मामांच्याही पुढ्यात पान आलं. घरी आणलेला वाटा मी कुत्र्यांना घातला. बायकोने कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पारधीनंतर माझी बंदूक पुसायला मामांकडे जायची. त्या वेळी बार झालाच नव्हता म्हणून आतली दारू उपसायचीही होती. दुसऱ्या दिवशी मी ती नेऊन दिली आणि लगेच निघालो, पण त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं. टोपण काढलं. उजेडात धरलं. तांब्याच्या पत्र्याला मधोमध घोड्याच्या तोंडाएवढा खड्डा पडला होता. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, बार का सुटला नाही? मी म्हणालो, दारू सर्दावली. ते म्हणाले, सर्दावलेली दारू तांब्याला खड्डा पाडत नाही. मग विचारलं, समोर काय होतं?

त्यांना ओठ वाचता येत होते, म्हणून मी ओठ मिटून घेतले. तेही त्यांनी वाचलं.

त्यानंतर आठ-दहा दिवस मामांनी कोयता-विळ्याचं काम हातात घेतलं नाही. गावात मात्र घरोघर जाऊन मोडक्या छत्र्या मागत होते. माघ महिन्यात छत्र्या! कोकणात मोडक्या छत्रीला तोटा नाही. प्रत्येक घराच्या माळ्यावर दोन-चार असतातच. लोक देत होते आणि पाठ फिरली की डोक्याशी बोट नेऊन हसत होते. मामींनी गादीच्या खोळीसाठी आणून ठेवलेला लाल खारवाही भट्टीत गेला. मी त्या वाटेने जायचं टाळत होतो. मामा मला काही बोलतील ही भीती नव्हती. ते काहीच बोलणार नाहीत, याचीच भीती होती.

शिमग्याची बैठक गावदेवीच्या माळावर भरली. पालखीच्या पाळ्या ठरल्या, आणि लोक उठणार एवढ्यात मामा पुढे आले. खांद्यावर पोतं होतं. ते म्होरक्यांसमोर उभे राहिले, त्यांचं तोंड नीट दिसेल असे. म्होरके सत्तरीचे, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज मात्र डोंगर हलवील असा. त्यांच्या शब्दापुढे गावात कुणाचा शब्द नव्हता.

मामांनी सांगून टाकलं, की मला ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली, मी गावाला फसवलं. माळावर एकदम गलका झाला. कोण म्हणे तरीच, कोण म्हणे आमच्या जिवाशी खेळ केला. एकजण उठून म्हणाला, आता पारधीतून नाव कमी करा. मामांना तो गलका ऐकू येत नव्हता, पण दिसत होता. तो थांबेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी कनवटीचं टोपण काढून म्होरक्यांच्या हातात ठेवलं.

"हा खड्डा माझ्या छातीत पडायचा व्हता," ते म्हणाले. "टोपणानं घेतला."

बंदूक कुणाची, हे बोललेच नाहीत. मी कुणावर धरली होती हेही बोलले नाहीत. पण गावात बंदुका दोन, आणि टोपण एकीलाच. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मामा तेवढे माझ्याकडे बघत नव्हते.

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी रागावलेला नसताना मोठ्याने बोललो. ते बहिरे आहेत हे मला माहीत होतं असं सांगितलं. जनावर दिसलं नव्हतं, नुसतं गवत हललं होतं आणि मी चाप ओढला, हेही सांगितलं. त्यांचे कान गेलेत, पण माझे डोळे चांगले असून मी बघितलं नाही. वगळायचंच असेल तर मला वगळा, माझ्या घराचं पान बंद करा. आणखीही काही बोललो असेन. शेवटी शेवटी मला रडू येत होतं आणि ते लपवता येत नव्हतं.

म्होरक्यांनी टोपण मुठीत घट्ट धरलं. मग पोत्याकडे बोट करून म्हणाले, त्यात काय आहे?

मामांनी पोतं उपडं केलं. आतून वीस-पंचवीस चमत्कारिक वस्तू पडल्या. प्रत्येकीत डोक्यावर बसेल असं पातळ पट्टीचं कडं, कड्याला छत्रीच्या तीन काड्या उभ्या, आणि काड्यांवर लाल खारव्याची पट्टी शिवलेली. मामांनी एक डोक्यावर चढवलं. पट्टी डोक्याच्या वर दीड-दोन हात उंच गेली. शेजारच्या आंब्याची फांदी त्यांनी तिच्यावरून ओढली. काड्या लवल्या आणि फांदी जाताच परत ताठ झाल्या. मग ते माळाच्या कडेला पुरुषभर गवतात शिरले आणि खाली वाकले. ते दिसेनासे झाले, पण गवताच्या वर लाल पट्टी स्पष्ट दिसत होती. ती जात होती, थांबत होती, वळत होती. लोक उठून उभे राहून बघायला लागले.

परत येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, की सगळ्यांनी घातलं तर बंदूकवाल्याला माणूस दिसेल, आणि मला शेजारचा थांबलेला दिसेल. कुणीतरी म्हणालं, लाल बघून डुक्कर पळेल. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, हाकारे कशाला जातात मग? दुसरा म्हणाला, हा कोंबड्याचा तुरा घालून मी रानात जायचा नाही, जनावर हसेल. हशा पिकला. एरवी त्या हशात सगळ्यात मोठा आवाज माझा असता.

म्होरके उठले. खाली वाकून त्यांनी एक तुरा उचलला, आपलं पांढरं मुंडासं काढून काखेत धरलं, आणि तुरा डोक्यावर घातला. त्या पांढऱ्या मिशांवर तो लाल तुरा कसा दिसत होता हे मला सांगता येणार नाही. हशा तिथेच थांबला. त्यांनी सांगितलं, आता हीच रीत. लाल दिसलं तर बार नाही. लाल दिसलं नाही तरी जनावर डोळ्यांनी दिसेपर्यंत बार नाही. दोघांचीही पानं राहतील. मग त्यांनी टोपण माझ्या हातात दिलं, आणि दुसऱ्या बंदुकीच्या मालकाला म्हणाले, उद्या जाऊन तूही एक बसवून घे.

पुढच्या वर्षी मी त्याच ओहोळाच्या तोंडाशी होतो. डबे उतरत आले. कारवीच्या वर लाल तुरे डुलत होते, एका ओळीत, आणि कुकारा झाला तसे सगळे एकदम थांबले. डावीकडून चौथा तुरा मामांचा. शेजारचा थांबला हे बघून तोही तत्काळ थांबला. मी मोजून बघितलं. मग समोरचं गवत हललं. खालून, बुडाशी. मी घोडा चढवला, टोपण काढलं, आणि थांबलो. लाल नव्हतं. तरी थांबलो. गवत परत हललं आणि बाहेर डुक्कर आलं. पाठीवर केस उभे, सुळे पिवळे, एवढं मोठं जनावर मी तोवर बघितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. मी नेम धरेपर्यंत ते ओहोळ ओलांडून दक्षिणेला डोंगराच्या सोंडेआड गेलंही होतं.

त्या वर्षी पारध रिकामी गेली. दुसऱ्या बंदुकीपुढे काही आलंच नव्हतं, आणि माझ्यापुढे आलेलं मी सोडलं होतं. माळावर सागाची पानं नुसतीच पडली होती, आणि सगळा गाव मला बोलत होता. म्हातारे बोलत होते, पोरं बोलत होती, जी घरं माझ्याशी कधी बोलत नव्हती तीही त्या दिवशी बोलली. मी खाली मान घालून ऐकत होतो. राग मात्र आला नाही, आणि याचं मला स्वतःलाच नवल वाटत होतं. मामा तुरा हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. एकेकाचं तोंड निरखून पाहत राहिले, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"गेलं कुठं ते?" त्यांनी विचारलं. मी दक्षिणेकडे हात केला.

"श्रीवर्धनला गेलं म्हन," ते म्हणाले. "बोट मिळाली असंल त्याला."

माझं ते पुटपुटणं त्यांनी तेव्हाच वाचलं होतं, आणि वर्षभर जपून ठेवलं होतं. मला हसू आलं आणि लगेच हुंदका आला, आणि मी भर माळावर, शिव्या देणाऱ्या गावासमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवशी गावात कुणाच्याच घरी वाटा नव्हता. मामा मला उठवून आपल्या घरी घेऊन गेले. मामींनी सुक्या बांगड्याचं कालवण केलं होतं आणि भात एका माणसाचा जास्तीचा टाकला होता.